इंजिन बांधून झालं, आता झीज बघायची

जुन्या ट्रॅक्टरला नवे लायनर (ज्या नळीत पिस्टन वर-खाली होतो ती), पिस्टन, त्यावरच्या रिंगा, बेअरिंग टाकून इंजिन परत बांधलं आणि ते सुरू झालं की सगळ्यांना वाटतं झालं काम, पण माझा जीव पहिलं ऑइल बदलेपर्यंत टांगणीला लागलेला असतो.

५० तासांच्या आतच ऑइल काढलं, इंजिन गरम असतानाच, म्हणजे तळाचा गाळ पण सोबत येतो. काळं दिसलं म्हणून घाबरायचं नाही, डिझेलमध्ये काजळीने ते लगेच काळं होतं. खरं काय ते फिल्टर सांगतो. तो कापला, आतला कागद उलगडून उन्हात एकेक घडी बघितली, बारीक करडी चमक होती, बोटाला पावडरसारखी लागणारी, आणि चुंबकाला चिकटली म्हणजे लोखंड, रिंगा लायनरला बसताना एवढं निघतंच. तांबूस किंवा चंदेरी, चुंबकाला न चिकटणारे कण दिसले असते तर मात्र चेंबर, म्हणजे इंजिनखालची ऑइलची टाकी, खोलून बेअरिंगच बघितलं असतं.

ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनच्या आतला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून, धूर आधीपेक्षा खूप कमी आहे, गरम झाल्यावरही ऑइल प्रेशर टिकतंय, बरं वाटलं.

आणि हो, नवीन बांधलेलं इंजिन नुसतं आयडलवर तासन्‌तास ठेवू नका प्लीज, लोड मिळाला नाही तर रिंगा बसत नाहीत, लायनर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि मग ऑइल खायला लागतं.

पुढच्या वेळी ऑइलचा नमुना लॅबला देणार आहे, त्यात लोखंडासोबत सिलिकॉन (धुळीची खूण) पण वाढलेलं निघालं तर आधी एअर क्लीनरचे पाइप तपासायचे, धूळ बहुतेक तिथूनच आत जाते.