कात्रणवही, पाचवा महिना: कोपऱ्यातली बारीक ओळ

मंडळी, गेल्या खेपेला वहीत एकोणीस कात्रणं होती. मध्यंतरी ती सत्तावीस झाली आणि त्यातली सहा मी परत उचकटून काढली. का, ते पुढे येईलच.

नव्यांसाठी थोडक्यात: मुक्तस्रोत नकाशा सॉफ्टवेअरबद्दल छापील माध्यमांत किंवा टीव्हीवर जे काही आलं, ते जमवून मी मॅपिंग पार्टीत, म्हणजे आम्ही मिळून नकाशा भरायला जमतो तिथं, लावायला फलक करतोय. त्यात बरंचसं ओपनस्ट्रीटमॅपबद्दल, म्हणजे स्वयंसेवकांनी मिळून काढलेल्या जगाच्या खुल्या नकाशाबद्दल. "ओपनस्ट्रीटमॅप हे सॉफ्टवेअर नाही, डेटा आहे" असं कुणीतरी म्हणणारच. मान्य. पण बातमीदार हा भेद करत नाहीत, आणि तो केला तर माझा निम्मा फलक रिकामा होतो.

पहिला फलक पुरा झाला. त्याची सुरुवात ब्रिटनमधून आहे. मार्च २००६ मध्ये 'द गार्डियन'ने 'फ्री अवर डेटा' ही मोहीम सुरू केली. सरकारी ऑर्डनन्स सर्व्हे संस्थेचे नकाशे जनतेच्या जिवावर तयार होतात, मग तोच डेटा वापरायला पुन्हा पैसे का मोजायचे, असा साधा सवाल. त्याच वर्षी मे महिन्यात ओपनस्ट्रीटमॅपची मंडळी जीपीएस घेऊन आयल ऑफ वाइट बेटावर गेली आणि शनिवार-रविवारात रस्ते पालथे घातले. स्टीव्ह कोस्टनं २००४ मध्ये सुरू केलेला हा उद्योग तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता. एकीकडे मागणी चालू, दुसरीकडे "तुम्ही देईपर्यंत आम्ही काढतो" हा खाक्या. ऑर्डनन्स सर्व्हेनं बराच डेटा खुला केला तो १ एप्रिल २०१० ला. तारीख तशी असली तरी थट्टा नव्हती.

त्याखाली हैती. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपाआधी राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सच्या जागी ओपनस्ट्रीटमॅपवर मोजक्याच रेघा होत्या. कंपन्यांनी उपग्रहचित्रं मोकळी केली, जगभरातल्या लोकांनी घरबसल्या ती गिरवली आणि बचाव पथकांनी तो नकाशा हातातल्या जीपीएस यंत्रांत भरून घेतला. पुढच्याच महिन्यात वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी टेड या व्याख्यानांच्या व्यासपीठावर हाच नकाशा दाखवला. आपल्या छंदाला यापेक्षा मोठी जाहिरात मिळाली असेल, असं मला वाटत नाही.

एक गंमत मधेच चिकटवली आहे. ग्रास हे अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत जन्मलेलं नकाशा सॉफ्टवेअर. १९८७ मध्ये त्याची प्रचारफीत निघाली आणि तिला आवाज होता विल्यम शॅटनरचा. टीव्हीवरच्या 'स्टार ट्रेक'मधल्या अंतराळयानाचा कप्तान रास्टर थरांचं, म्हणजे चौकटी-चौकटींनी बनलेल्या नकाशांचं, कौतुक करतोय! फलकापाशी लोक सगळ्यात जास्त थांबतात ते इथंच.

आता काढलेल्या सहा कात्रणांबद्दल. ती सगळी 'मोफत ॲप', 'गुगलला पर्याय' छापाची होती. नावं होती, नकाशा एकातही नव्हता. ती हातात घेतल्यावर लक्षात आलं की मी मथळे गोळा करत होतो आणि खरा ऐवज नकाशाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात बारीक टायपात बसला होता: © ओपनस्ट्रीटमॅप काँट्रिब्युटर्स. ज्या बातमीत या प्रकल्पाबद्दल चकार शब्द नाही, तिथंही ही ओळ असते. पुराची बातमी, मेट्रोची बातमी, युद्धाची बातमी. म्हणून आता भिंग घेऊन फक्त कोपरे बघतो.

ओळ नसली तर? मार्च २०१२ मध्ये ॲपलच्या आयफोटो ॲपमध्ये अनोळखी नकाशे दिसले. आपल्या लोकांनी ते ताडून पाहिले, तर डेटा ओपनस्ट्रीटमॅपचा, तोही एप्रिल २०१० च्या सुमाराचा शिळा, आणि श्रेय कुठंच नाही. पुढं एका अपडेटमध्ये श्रेय आलं. शिळेपणावरून चोरी सापडते, हे मला तेव्हा मजेशीर वाटलं होतं.

या पावसाळ्यात तो अनुभव घरीच आला. एका दैनिकात आमच्या भागाचा पूर-नकाशा होता, खाली "सौजन्य: गुगल". पण त्यात आमच्या ओढ्यावरचा साकव होता. तो साकव दोन पावसाळ्यांपूर्वी वाहून गेलाय. ओपनस्ट्रीटमॅपवर तो मीच रेखाटला होता आणि पुसायचा राहिला होता. म्हणजे श्रेय बुडालं याची तक्रार करावी तर आधी स्वतःची चूक कबूल करा! रात्री आधी साकव पुसला, मग कात्रण चिकटवलं. दैनिकाला पत्र अजून लिहायचंय.

क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा फलक मात्र भकास आहे. कारण सरळ आहे. ओपनस्ट्रीटमॅपच्या डेटाचा परवाना श्रेय द्यायला लावतो, पण क्यूजीआयएसचा जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना त्यात बनवलेल्या नकाशावर नाव घाला असं म्हणत नाही. गॅरी शर्मननं २००२ मध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर आज किती बातम्यांमागे राबत असेल, पण पानावर त्याची खूण उरत नाही. मी अंदाजानं ओळखायला लागलोय. त्यात माहितीचा नवा थर उघडला की तो स्वतःच कुठलातरी रंग उचलतो, हे तुम्हाला माहीत आहेच. छापील नकाशात तालुका विनाकारण फिक्कट जांभळा दिसला, की मला संशय येतो. पुरावा म्हणून हे टिकत नाही, त्यामुळे असली कात्रणं वहीच्या शेवटी 'संशयित' खाली जातात. सध्या तिथं चार आहेत.

चिकटवण्याबद्दल दोघांनी विचारलं होतं. फेव्हिकॉल नको, वर्तमानपत्राचा कागद सुरकुततो. मैद्याची पातळ खळ करा, चिमूटभर मोरचूद घाला म्हणजे झुरळं फिरकत नाहीत, आणि हात धुवा, मोरचूद विषारी असतं. कागद पिवळा पडतोच, म्हणून मी आधी फोटोप्रत काढून ठेवतो. फलकावर मूळ कात्रण लावायला हरकत नाही, पण अख्खी बातमी स्कॅन करून वाटू नका, तिचा हक्क वर्तमानपत्राचा असतो. मी वाटायच्या कागदावर मथळा, तारीख आणि माझ्या शब्दांत दोन ओळी एवढंच देतो.

पुढचा फलक २०१४ चा: पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशातलं गेकेडू शहर, एबोलाची साथ, आणि डॉक्टरांच्या मागणीवरून स्वयंसेवकांनी काही दिवसांत उभा केलेला तिथला नकाशा. त्यासाठी कात्रणं कमी पडताहेत. कुणाकडे असतील तर आणा.

रद्दीवाल्यालाही मी ती बारीक ओळ दाखवून ठेवली आहे. परवा त्यानं मोठ्या कौतुकानं एक पान बाजूला काढून दिलं. बिगरशेती प्लॉटची जाहिरात होती, आणि कोपऱ्यात ओळही होती: "नकाशा प्रमाणात नाही."