चोंदलेले नाक आणि रोजचा स्प्रे
माझ्या मुलीचे नाक बाराही महिने चोंदलेले असते. सेटिरिझिन या अ‍ॅलर्जीवरच्या औषधाने शिंका आणि खाज आटोक्यात येते, चोंदलेपणा मात्र फारसा हटत नाही. त्यासाठी डॉक्टरांनी स्टेरॉइडचा नेझल स्प्रे दिला आहे, ज्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडेही लागू शकतात, म्हणून तो मधेच सोडून चालत नाही. मान किंचित पुढे झुकवून तिने उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरला, की फवारा मधल्या पडद्यावर न बसता बाहेरच्या बाजूला जातो आणि घोळणा फुटण्याचा संभव कमी होतो. नाक तत्काळ मोकळे करणारे ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब मी (आजीचा आग्रह असला तरी) टाळते, कारण ते काही दिवसांहून अधिक वापरल्यास नाक उलट जास्तच चोंदते. स्टेरॉइडमुळे मुलांची वाढ किंचित मंदावू शकते आणि स्प्रे दीर्घकाळ चालणार असल्याने डॉक्टर तिची उंचीही नियमितपणे मोजतात.