लेटरहेड आणा, मग बघू

गेल्या येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, रानात पन्नासेक माणसं जेवायला होती. माझं लेकरू कडब्याच्या कोपीभोवती गरागरा चकरा मारत होतं. एक पाहुणे आंबिल पिता पिता म्हणाले, "पोराला वळण नाही." वाढता वाढता ऐकून घेतलं, पण मनात ठरवलं, ही स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे हे लोकांना सांगायचंच आणि सुरुवात शाळेपासून करायची. आमच्या केंद्रातले, म्हणजे आसपासच्या शाळांचे, सगळे शिक्षक शिक्षण परिषदेला एकत्र येतात. तिथं मला दहा मिनिटं हवी होती, शक्यतो 2 एप्रिलच्या आसपास. संयुक्त राष्ट्रांनी 2007 साली तो दिवस यासाठीच ठरवलाय. मुख्याध्यापक लगेच हो म्हणाले. "फक्त वरून परवानगी आणा."

ते 'वरून' म्हणजे तालुक्यातलं एक कार्यालय.

"संस्था कोणती?" खिडकीतून विचारणा झाली.

"संस्था नाही. मी आई आहे."

"तसं चालत नसतंय, बाई. लेटरहेड लागतं. त्यावर रजिस्टर नंबर."

दहा मिनिटं बोलायला मी संस्था काढू? अध्यक्ष मी, सचिव मी, आणि नोंदणीला लागणारे सात सभासद कुठून आणू?

दुसऱ्या खेपेला साहेब फिरतीवर. तिसऱ्या खेपेला घरी कुणी नव्हतं म्हणून लेकराला घेऊन गेले. आत धाडधाड शिक्के मारणं चाललेलं. त्यानं दोन्ही कान गच्च दाबले आणि सरळ टेबलाखाली जाऊन बसला. क्लार्क वाकून बघत म्हणाले, "दिसायला तर धडधाकट आहे की. यात अपंगत्व कसलं?" मी 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याची झेरॉक्स पुढं केली. 21 प्रकारांच्या यादीत स्वमग्नतेखाली पेनानं रेघ मारून आणली होती. त्यांनी न वाचताच ती अर्जाला टाचली. "हे जोडलं ते बरं केलं. आता लेटरहेड तेवढं आणा."

येताना जीपमध्ये कुणाशी बोलले नाही. अजूनही शिक्क्याचा आवाज आला की डोकं तापतं.

सुटलं ते भलत्याच ठिकाणी. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाच्या, म्हणजे दिव्यांग मुलांना शाळेत सगळ्यांबरोबर शिकवण्याच्या, विशेष शिक्षिका असतात, हे मला एका आशाताईनं सांगितलं. त्या मॅडम म्हणाल्या, "ताई, हा माझाच विषय. माझ्या वेळेत तुम्ही बोला." पाच मिनिटांचं काम, माझा दीड महिना गेला आणि 2 एप्रिलही हुकला. तुम्हालाही असं बोलायचं असेल तर आधी तिथंच जा.

बोलताना पहिली चूक मी केली. मेंदूची वाढ, लक्षणं असं वहीतलं वाचायला लागले तर गुरुजींनी मोबाईल काढले. नुसतं 'स्वमग्न' म्हटलं की लोकांना ध्यान लावलेला साधूच वाटतो. मग वही मिटली. म्हटलं, घंटा झाली की तो कान दाबतो. भूक लागली असं म्हणत नाही, माझा हात धरून डब्याकडं नेतो. "नाव काय?" विचारलं तर "नाव काय?" असंच म्हणतो. मागून एक बाई म्हणाल्या, "माझ्या दुसरीत एक मुलगी अशीच आहे. मी तिला उद्धट समजत होते." त्या बाईंसाठी तरी तीन खेपा फिटल्या.

प्रश्न ठरलेलेच येतात. "मोबाईल फार दाखवला असेल?" मी सांगितलं, मोबाईलचं नावही नव्हतं तेव्हा, 1943 साली, लिओ कॅनर या डॉक्टरांनी अशी 11 मुलं नोंदवून ठेवलीत. आईचं लक्ष नव्हतं का, हेही विचारतील. चिडू नका, एके काळी मोठमोठे डॉक्टरसुद्धा आईलाच दोष द्यायचे, ते केव्हाच खोटं ठरलंय.

लेकराला तिथं नेलं नव्हतं. तुम्हीही नेऊ नका, ते काही दाखवायचा नमुना नाही.

आणि हो, अर्ज कुठंही द्या, दोन प्रती करा आणि एकीवर पोच घ्या. माझी पोच आहे, आवक क्रमांकासकट. तो अर्ज अजून लेटरहेडची वाट बघतोय.