ना घड, ना बाळी

सप्टेंबर सरत आला की माझ्याकडे द्राक्षाच्या काडी तपासणीला रांग लागते. काडीवरच्या डोळ्यांत, म्हणजे पुढे फुटणाऱ्या कळ्यांत, घड आहे का ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. छाटणी तोंडावर असते आणि प्रत्येकाला एकच आकडा हवा असतो: कितव्या डोळ्यावर कात्री लावू? 2025 च्या हंगामात तासगावकडच्या थॉमसन जातीच्या एका बागेचा आकडा मला देता आला नाही.

बागवाल्या काकांनी ओल्या गोणपाटात गुंडाळून दहा काड्या आणल्या. बुडापासून कापलेल्या, नंबर टाकलेल्या, सगळ्या अंगठ्याएवढ्या. "बघा साहेब, कशा पोसल्यात!" तिथंच शंका आली. मालकाडी, म्हणजे घड धरणारी काडी, 8 ते 10 मिलिमीटरची असावी. त्याहून बरीच जाड काडी म्हणजे वेल वाढीत रमलेला. पण बागायतदार नमुना आणताना बागेतली सगळ्यात देखणी काडी निवडतो. मुलगी बघायला आल्यासारखं.

डोळे बुडाकडून मोजायचे आणि प्रत्येकाच्या टोकाकडून आडवे, पातळ काप घेत जायचं. आधी तपकिरी खवलं, मग लोकर, मग हिरवा कोंब. द्राक्षाच्या एका डोळ्यात तीन कोंब असतात: मधे मुख्य, शेजारी दुय्यम आणि तिय्यम. घडाची भिस्त मुख्यावर. ब्लेड बोथट असेल तर कोंब चेपतो, आणि चेपलेला नि मेलेला कोंब सारखाच काळपट दिसतो. मी दर काडीला ब्लेड बदलतो. काही ठिकाणी एकाच ब्लेडवर दिवस काढतात आणि वर रंगीत रिपोर्ट देतात.

जाड काड्यांत जे वाटलं तेच निघालं. बाहेरून टपोरे डोळे, आत मुख्य कोंब काळा, दुय्यम मात्र जिवंत. असा डोळा फुटतो, पानंही छान काढतो. पाचव्या-सहाव्या पानापर्यंत सगळे खूश असतात, मग कळतं की फुटीवर घडच नाही.

काकांना परत पाठवलं. मधल्या ओळीतल्या, बांधाकडच्या, मध्यम जाडीच्या काड्या आणा, निवडू नका. दुसऱ्या दिवशी त्यांनी वीस आणल्या. मेलेले कोंब तुरळक. सबकेनच्या (शेंडा मारल्यावर फुटलेल्या उपकाडीच्या) गाठीलगतच्या डोळ्यांत चांगले घड होते. पण बऱ्याच डोळ्यांत घडही नव्हता आणि बाळीही, म्हणजे वेल ज्याने तारेला धरतो तो दोराही, नव्हती.

कोवळ्या कोंबात पानाच्या समोर एक गोल उंचवटा येतो आणि त्याला दोन फाटे फुटतात. आतल्या फाट्याला पुन्हा पुन्हा फाटे फुटत गेले तर घड, सूक्ष्मदर्शकाखाली फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा. फाटे न फुटता तो नुसता लांबला तर बाळी. मूळ एकच. वेलातल्या संप्रेरकांपैकी सायटोकायनिनचं पारडं जड झालं आणि डोळ्यावर ऊन पडलं तर घडाकडे. जिबरेलिन वरचढ झालं, सावली पडली, नत्र-पाणी जास्त झालं तर बाळीकडे. उन्हाळ्यात नव्या काड्यांसाठी खरड छाटणी करतात, तिच्यानंतर साधारण 40 ते 60 दिवसांत हे ठरायला लागतं.

काकांची खरड छाटणी 12 एप्रिलची. म्हणजे घड ठरायचे दिवस 22 मे ते 11 जून. त्या वर्षी मेच्या मध्यापासून पाऊस, 26 मेला मान्सून मुंबईत. काळी जमीन, सऱ्यांत पाणी. सातव्या पानावर शेंडा मारून सबकेन केली होती, पण नंतरच्या बगलफुटी काढायला चिखलात मजूर शिरेना. मांडव भरून गेला, डोळे अंधारात. घड धरावा म्हणून मारतात त्या 6-बीए आणि युरासिलच्या फवारण्या वेळेवर झाल्या होत्या, बिलंही दाखवली. सल्ला देणाऱ्याने औषधं लिहून दिली, फुटी विरळ करा हे बहुधा सांगितलंच नाही. ऊन डब्यात विकत मिळत नाही.

आमच्या रिपोर्टात दोनच रकाने: घड आहे, घड नाही. या अर्धवट उंचवट्यांना कुठे टाकू? छाटणीनंतर डोळा फुगताना काडीत साठा असेल तर त्यातले काही घड होतात. साठा कमी असेल, ढगाळ हवा आणि जास्त पाणी असेल तर बाळी. "आहे" लिहिलं आणि ते बाळी होऊन जिरले तर दोष रिपोर्टाचा. "नाही" लिहिलं तर माणूस बाग सोडून देतो, नाहीतर घाबरून आखूड छाटून काड्या दाट ठेवतो.

शेवटी दोन्ही रकाने कोरे ठेवून समासात लिहिलं: जाड काड्या मालासाठी धरू नका. मध्यम काडीला गाठीच्या पुढे एक ऐवजी दोन डोळे ठेवा. डोळे फुटण्यासाठीचं हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग वरच्या दोन डोळ्यांनाच. पोंगा अवस्थेपर्यंत (डोळा फुगून हिरवं टोक दिसेपर्यंत) पाणी मोजून, नत्र बंद. घड दिसल्याशिवाय फुटींची विरळणी नाही.

काकांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "आकडा कुठाय?"

त्यांनी कितव्या डोळ्यावर छाटलं ते मला कळलं नाही. त्या अर्धवट उंचवट्यांसाठी तिसरा रकाना मी यंदा पेननं आखून घेतलाय. त्याला नाव काय द्यायचं हे अजून ठरत नाही.