न दिसणारे मांजर दत्तक देताना

आमच्या प्राण्यांच्या निवाऱ्यात प्रत्येक पिंजऱ्यावर एक कागद लावलेला असतो. त्यावर वय, निर्बीजीकरण आणि लसी यांच्या खाली ‘स्वभाव’ असा रकाना आहे, आणि बकुळी नावाच्या मांजरीच्या कागदावर त्या रकान्यात तिला दाखल करून घेणाऱ्याने ‘रानटी, जपून’ एवढेच लिहून ठेवले होते. हा शेरा तिला आणले त्याच रात्रीचा. पहिल्या दोन-तीन दिवसांत घरात वाढलेले घाबरलेले मांजर आणि माणसाची सवयच नसलेले मांजर यांत नुसत्या डोळ्यांनी भेद करणे अनेकदा अशक्य असते, कारण भीतीपोटी दोन्ही तेच करतात: कोपऱ्यात अंग आवळून बसतात, कान आडवे पाडतात, बाहुल्या पूर्ण विस्फारतात आणि हात जवळ गेला की फिसकारतात. तरीही शेरा लिहिला जातो, आणि तो खोडण्याची तसदी नंतर कोणी घेत नाही.

बकुळी रानटी नाही, असे मला वाटू लागले ते तिच्या खोक्याच्या कडेमुळे. गालाच्या उंचीवर त्या पुठ्ठ्याला तेलकट, तपकिरी डाग पडला होता आणि त्यात चार केस चिकटले होते. मांजर गाल घासते तेव्हा तिथल्या ग्रंथींतला स्राव त्या जागेला लागतो, आणि दहशतीने गोठलेले मांजर सहसा तसे करत नाही. म्हणजे दिवे मालवल्यावर आणि कुत्र्यांच्या विभागातला गलका थांबल्यावर ती उठत होती, खात होती, शी-शूसाठी ठेवलेला मातीचा ट्रे वापरून वर माती नीट ओढत होती आणि त्या जागेला आपला वास लावत होती. मांजराचे पिल्लू साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाच्या हाताला सरावते. तो काळ कोरा गेला तर पुढे फार कठीण जाते. बकुळीचा तो काळ बहुधा कोणाच्या तरी घरात गेला असावा. तिच्यावर पुढे काय ओढवले, हे मात्र कळायला मार्ग नाही.

खोक्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण त्यावरून आमच्याकडे कायम वाद असतो. मांजराचा ताण मोजण्यासाठी केसलर आणि टर्नर या संशोधकांनी १९९७ मध्ये मांडलेली सात पायऱ्यांची एक मोजपट्टी आहे: पोट, पाय, शेपूट, डोळे, कान, मिशा, श्वास असे एकेक पाहून आकडा द्यायचा. हीच मोजपट्टी वापरून नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांचे निरीक्षण झाले आणि २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. लपायला खोके मिळालेल्या मांजरांचा ताण खोके न मिळालेल्यांपेक्षा लवकर उतरला. इतकी स्वस्त आणि इतकी उपयोगी दुसरी वस्तू आमच्या कोठारात नाही. तरीही दत्तकासाठी लोक यायचे असले की ‘आज खोकी काढून ठेवा’ असा निरोप येतो, कारण लोकांना मांजर दिसले पाहिजे आणि खोक्यात त्यांना फक्त पुठ्ठा दिसतो. खोके काढले की मांजर ट्रेमध्ये जाऊन बसते. आपल्याच मातीत बसलेले मांजर पाहून लोकांचे मत चांगले होते, असा अनुभव मला तरी नाही.

बकुळीला पाहायला एके दिवशी आलेल्या बाई साठीच्या आसपासच्या होत्या. लोक सहसा विचारतात, “कुशीत येते का? मुलांशी खेळेल का?” या बाईंनी विचारले, “ही खाते कधी? आणि किती?” मग त्यांनी पिंजऱ्याकडे पाठ करून आमची खाण्याची नोंदवही मागितली आणि चष्मा लावून ती पानोपान वाचली. घाबरलेल्या मांजराबाबत विचारण्याजोगा पहिला प्रश्न हाच आहे. मांजराने सलग दोन-तीन दिवस अन्न सोडले तर यकृतात चरबी साचून जीव धोक्यात येऊ शकतो, आणि मांजर जाडजूड असेल तर धोका अधिक. त्यांचे आधीचे मांजर म्हातारे होऊन गेले होते. “दिसली नाही तरी चालेल. घरात आहे एवढं मला पुरे,” असे त्या म्हणाल्या.

हे वाक्य आमच्या दत्तक विभागाच्या प्रमुखांना खटकले. ज्यांना प्राणी दिसला नाही तरी चालतो, ते त्याची काळजी काय घेणार, असा त्यांचा सवाल. शिवाय नियम असा, की घेणाऱ्याने भेटीच्या खोलीत प्राण्याला हाताळून दाखवले पाहिजे. कुत्र्यांसाठी हा नियम उत्तम आहे. बकुळीला त्या उघड्याबोडक्या, कुत्र्यांचा वास मुरलेल्या खोलीत नेणे म्हणजे तिने कमावलेला धीर पुसून टाकणे, हे मी माझ्या परीने समजावले. थोडा आवाजही चढला. शेवटी भेट मांजरांच्या विभागातच व्हावी, एवढे मान्य झाले. बाई पिंजऱ्याच्या बाजूला स्टुलावर तिरप्या बसल्या. त्यांनी बोटसुद्धा आत घातले नाही. बऱ्याच वेळाने एकदा तिच्याकडे पाहून डोळे सावकाश मिटले आणि नजर वळवली. असे सावकाश डोळे मिटणाऱ्या माणसाकडे मांजरे अधिक सहज येतात, हे ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले आहे. या बाईंना ते कोणी सांगितले नसावे. बकुळीचे कान सरळ झाले, बाकी काही नाही. प्रमुखांनी सही केली, पण समाधानाने नव्हे.

निघताना बकुळी मानगूट धरून उचलावी लागली नाही, याचा मला अभिमान आहे. तिचे खोके मांजर न्यायच्या पेटीत, म्हणजे कॅरिअरमध्ये, बसेल अशाच मापाचे मी आधीपासून ठेवले होते. खोक्याचे तोंड पिंजऱ्याच्या भिंतीकडे वळवले, टॉवेल हळूहळू पुढे ओढून ते झाकले, त्यामागे पुठ्ठ्याची पाटी सरकवली आणि अख्खे खोके, तिच्या वासाच्या फडक्यासह, वरून उघडणाऱ्या कॅरिअरमध्ये उतरवले. कॅरिअरखाली तळहाताचा आधार दिला. हँडलला धरून नेले तर ते झुलते आणि आतल्या जनावराला पाय रोवता येत नाहीत. ती फिसकारलीसुद्धा नाही. शेजारी उभे असलेले सहकारी म्हणाले, “एवढा सोहळा कशाला? जाळी टाकली असती तर मिनिटात काम होतं.” जाळीने मांजर मिनिटात पकडले जाते खरे, त्यानंतरचे मांजर कोणी सांभाळायचे, हा प्रश्न त्यांना कधी पडत नाही, कारण तोवर त्यांची पाळी संपलेली असते.

बाईंना सांगायचे ते सांगितले: सुरुवातीला एकच लहान खोली, पलंगाखालची दुर्गम पोकळी बंद, त्याऐवजी हेच खोके, पाणी आणि खाणे ट्रेपासून दूर, आणि ओढून बाहेर काढणे कधीही नाही. नव्या घरात रुळण्याचा तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा जो ठोकताळा आमच्या पत्रकात छापलेला आहे, तो मी खोडून दिला. तो वाचून लोक दिवस मोजत बसतात आणि आकडा उलटला की मांजर बिघडले असे समजून परत आणतात.

नंतर त्यांचे फोन येत राहिले. भांडे रिकामे, ट्रे वापरलेला, मांजर अदृश्य. पुढे कधीतरी बातमी आली की रात्री त्या पाठमोऱ्या बसून वाचत असल्या की बकुळी खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या खुर्चीवर येऊन बसते, आणि त्या वळल्या की नाहीशी होते. सांगताना त्यांचा आवाज खूश होता; हेच दुसऱ्या कोणी सांगितले असते तर मी ती तक्रारच समजलो असतो.

आमच्या पाठपुराव्याच्या अर्जात ‘जुळवून घेतले: होय / नाही’ एवढेच दोन पर्याय आहेत. मी ‘होय’वर खूण केली. प्रमुखांचे म्हणणे, हाताला न येणारे मांजर ‘होय’मध्ये धरता येत नाही. दुसऱ्या एका सहकाऱ्याचा हिशेब वेगळाच आहे: बकुळी त्या पिंजऱ्यात होती तेवढ्या काळात तिथून कितीतरी माणसाळलेली मांजरे घरोघरी गेली असती, आणि जागा नाही म्हणून आम्ही दारातून परत पाठवली ती मांजरे कुठे गेली, हे कोणालाच ठाऊक नाही. हा हिशेब मला खोडता आलेला नाही. बाई सुखी आहेत, हे मला माहीत आहे; बकुळीपुरते एवढेच म्हणता येते की ती खाते, स्वतःचे अंग चाटून स्वच्छ ठेवते आणि खुर्ची निवडते. पिंजऱ्यात ती अंग चाटत नव्हती, म्हणून माझी खूण ‘होय’वर आहे.

आता तिच्या लसीची तारीख जवळ आली आहे. तिला पकडून दवाखान्यात न्यायचे तर खुर्चीपर्यंतचा सगळा प्रवास धोक्यात येतो. न न्यावे तर दत्तकाच्या अर्जातल्या अटीचा भंग होतो. कॅरिअर उघडाच ठेवून त्यात खाणे द्यायला मी बाईंना सांगितले आहे, आणि निघण्याआधी भीती उतरवणारे औषध द्यावे का, किंवा घरीच येऊन लस देता येईल का, असे आमच्या पशुवैद्यांना विचारले आहे. त्यांचे उत्तर अजून यायचे आहे.