तुरळक ठिकाणी

कणकवलीत दुपारी दीडनंतर डॉक्टर मंडळी जेवून आडवी होतात आणि पाच वाजेपर्यंत आम्हा औषध कंपनीवाल्यांना जगात काही काम उरत नाही. मोबाइलवर रिपोर्ट भरून झाला. मोजे खुर्चीच्या पाठीवर, पंख्याखाली टाकले. जुलैत कोकणात मोजे वाळत नाहीत, नुसते गार होतात, तरी टाकायचे. मग रिमोट हातात घेतला.

लॉजचा रिमोट मी डोळे मिटून ओळखेन. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, वर दोन रबरबँड, मागचं झाकण कधीच गेलेलं, सेल चिकटपट्टीनं दाबून बसवलेले. आवाजाचं बटण फक्त वाढवायचं चालतं. वाढला की वाढला. शेजारच्या खोलीतल्या माणसाला माझ्या आवडीनिवडी कळल्याशिवाय राहत नाहीत.

पंचवीस वर्षं फिरतीवर आहे. पहिल्यांदा नांदेड-परभणी, मग चंद्रपूर-गडचिरोली, आता सिंधुदुर्ग-रत्नागिरी. लॉजवर मी सिनेमा बघत नाही, क्रिकेट बघत नाही. हवामान बघतो. का, ते मलाही धड सांगता येत नाही. बाहेर धो धो कोसळत असतं आणि मी खिडकी लावून घेऊन टीव्हीवर पाऊस बघतो.

तोही मुंबईचा. बाहेर नदी रस्त्यावर येऊ दे, टीव्हीवर छत्री सांभाळत माणूस उभा असतो तो हिंदमाताला. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे. माझ्या तालुक्यातल्या ओढ्यांची नावं मला आठवणार नाहीत, पण मुंबईत पहिलं पाणी कुठं तुंबतं ते झोपेतून उठवून विचारा. एकदा जानेवारीत परळला काम होतं, म्हणून मुद्दाम हिंदमाताला उतरलो. कोरडा रस्ता, गाड्यांचे हॉर्न, चपलांची दुकानं. दोन मिनिटं उभा राहिलो आणि खरं सांगायचं तर फसवल्यासारखं वाटलं.

चंद्रपूरला उलटा प्रकार. मे महिन्यात तिथं अंगाची लाही होते, पण त्याचा लोकांना केवढा अभिमान! संध्याकाळच्या बातम्यांत राज्यात सर्वाधिक तापमान कुठलं, ते चहाच्या टपरीवर निवडणुकीच्या निकालासारखं ऐकायचे. एकदा ब्रह्मपुरीचा आकडा पुढं गेला, तर माझा रिक्षावाला रस्ताभर धुसफुसत होता. "तिथलं मशीनच बरोबर नसन साहेब." ब्रह्मपुरी त्याच जिल्ह्यातली, तरी परकी. थंडीत निफाडकरांचंही तेच होत असणार. गहू संशोधन केंद्रातला पारा घसरला की द्राक्षाच्या काळजीनं झोप उडते, पण पहिला नंबर गेलेलाही खपत नसणार.

२६ जुलै २००५ ला मी चंद्रपुरातच होतो. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७३. तेव्हापासून कुणी "मुंबईत पाऊस आहे" म्हटलं की मी विचारतो, कुठल्या मुंबईत? हवामान खात्याला हे आधीपासूनच ठाऊक असावं, म्हणून त्यांची भाषा इतकी सावध. काही ठिकाणी, बहुतांश ठिकाणी, आणि माझा लाडका शब्द, तुरळक ठिकाणी. याला त्यांच्याकडं हिशेब आहे. विभागातल्या पर्जन्यमापकांपैकी जास्तीत जास्त पाव हिश्श्यात पाऊस पडला तर ते तुरळक. म्हणजे बाकी तीन हिस्से कोरडे. आमचं जत जन्मभर त्या तीन हिश्श्यांत.

गावात पहिला टीव्ही गुरुजींच्या घरी आला. लाकडी कपाटासारखा, सरकतं शटर असलेला, काळापांढरा. गुरुजींची सोपा-ओसरी भरून माणसं, खिडकीच्या गजांना आम्ही पोरं. हिंदी बातम्या आमच्यात कुणाला फारशा कळत नसत, पण त्या संपायच्या सुमाराला नकाशा यायचा. उपग्रहातून काढलेलं ढगांचं चित्र. देशाची रेघ आणि तिच्यावर सांडलेल्या पिठासारखं पांढरं काहीतरी. ते आलं की आजोबा उठायचे. कुणाची पर्वा न करता, धोतराचा सोगा सावरत, थेट टीव्हीपाशी.

"आपलं गाव कुठं हाय रं यात?"

गुरुजी बसल्या जागेवरून सांगायचे, जरा खाली, जरा डावीकडं. आजोबांचं बोट काचेवरून सरकायचं. नांगराच्या रुमण्यानं घट्टे पडलेलं बोट, नखात माती. काचेजवळ गेलं की बारीक तडतड व्हायची आणि त्यांच्या हातावरचे पांढरे केस उभे राहायचे. पीठ असायचं ते बोटाच्या डावीकडं, सह्याद्रीपलीकडं. बोटाखाली काळं. "जरा सरकाया पायजे," असं म्हणून ते बोटानं ढग उजवीकडं ढकलायचे. सगळे हसायचे. तेही हसायचे. तोवर नकाशा गेलेला असायचा. दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या बाई काचेवरचा तो बोटाचा फराटा ओल्या फडक्यानं पुसायच्या. डावीकडून उजवीकडं, एक बोटभर रुंद.

आता मी त्या पिठात राहतो. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, जतला पाचशेच्या आसपास. नकाशात मोजलं तर वीतभरही अंतर नाही.

आईला मी कुठं आहे ते टीव्हीवरून कळतं. मी काय सांगतो याला फार किंमत नाही. मागं सावंतवाडीला लख्ख ऊन पडलं होतं, तर हिचा फोन. "पाऊस लई हाय न्हवं तिकडं?" म्हटलं, अगं ऊन आहे, मी उन्हात उभा आहे. "टीव्हीवर लाल दाखवत्यात." म्हटलं, तो अलर्ट आहे, इशारा. "नीट बघ भाईर," म्हणाली. मी नीट बघितलं. तासाभरात असा कोसळला की स्टॉकिस्टच्या दुकानातच अडकून पडलो. ते तिला अजून सांगितलेलं नाही.

तर आज दुपारी. टीव्हीवर छत्रीवाला माणूस "आपण पाहू शकता" म्हणाला आणि चौकोन चौकोन होऊन फुटला. निळा पडदा. सिग्नल नाही. मोठा पाऊस आला की लॉजवरच्या डिशचं हे ठरलेलं. वरून येणारी ती बारीक लहर पावसाचे थेंब वाटेतच गिळून टाकतात. खाली फोन केला, तर मॅनेजर म्हणाला, "पाऊस गेलो की लागतलो." पाऊस गेल्यावर मला हवामान बघून काय करायचंय, हे त्याला विचारलं नाही.

आईकडंही तसलीच डिश आहे, गच्चीवर. ती पावसानं बंद पडल्याचं मात्र मला आठवत नाही.

खिडकी उघडली. समोरचा एस.टी. स्टँड दिसेना. सावंतवाडीची गाडी नुसत्या दिव्यांवरून ओळखायची. खिडकीच्या चौकटीतून पाणी आत येऊन गादीच्या कोपऱ्याला लागलं होतं. तेवढ्यात फोन वाजला.

"पाऊस हाय का रं?"

"काय माहीत," मी म्हटलं. "टीव्ही बंद पडलाय."

"थांब," आई म्हणाली, "माझा चालू हाय. बघून सांगते."

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तिच्या चपला, आणि लांबून बातम्यांचा आवाज. मी फोन कानाला लावून थांबलो.