'मूळ कलाकृती'च्या रकान्यात अडकलेलं चित्र

चित्राला चार महिने लागले, त्याची तक्रार नाही. पण प्रदर्शनाच्या फॉर्मवरच्या 'मूळ कलाकृती आहे का?' या एका रकान्यापायी तीन आठवडे गेले, ते अजून डोक्यातून जात नाहीत.

मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात चित्रकार सा. ल. हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' हे चित्र आहे. दिव्यावर हात धरलेल्या त्या बाईसमोर आले की लोक गप्प होतात. मला ते लोक रंगवायचे होते. 24 बाय 36 इंचांचा कॅनव्हास, तैलरंग, पाच माणसं, पुढे नऊवारीतली आजी. मूळ चित्राच्या चौकटीची फक्त कड दिसते आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांवर पिवळा उजेड. कागदावरच्या दिव्याचा उजेड खोलीत पडत नाही. तो मी पाडला.

ठाण्यातल्या एका प्रदर्शनाच्या फॉर्मवर 'संदर्भ' म्हणून हळदणकरांचं नाव प्रामाणिकपणे लिहिलं. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "मॅडम, रविवर्म्याची कॉपी चालत नाही."

"रविवर्मा नाही हो, हळदणकर. सावंतवाडीचे. आणि त्यांचं जलरंगात आहे, माझं तैलरंगात."

त्यांनी फोटोकडे पाहिलंही नाही. दुसऱ्या खेपेला म्हणाले, "मग मूळ चित्रकाराची परवानगी आणा." हळदणकर 1968 साली गेले! घरी येईपर्यंत मला रडू येत होतं.

चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं त्याच्या चित्रावर हक्क राहतो, हे मला माहीत होतं, म्हणून तर मूळ चित्र रंगवलं नव्हतं. तुम्ही असं काही करत असाल तर मूळ चित्राची नक्कल केलेली नाही, हे फॉर्मसोबत चार ओळींत लिहून द्या. तोंडी सांगितलेलं कोणी ऐकत नाही.

तिसऱ्या खेपेला भर पावसात कोपरीहून रिक्षाने कॅनव्हासच नेला. निवड समितीतल्या एक बाई तिथे होत्या. त्यांनी माझी स्केचवही मागितली. आजीची अकरा स्केचेस होती. पानं उलटून झाल्यावर त्यांनी स्वतःच्या पेनाने 'होय' लिहून सही केली. दोन मिनिटांचं काम. स्केचवही पहिल्याच दिवशी न्या, प्रत्येक टप्प्याचे तारखेसकट फोटोही ठेवा.

आणि हो, पावसाळ्यात पांढऱ्या रंगाची घाई करू नका. आजीच्या कपाळावरचा जाड पांढरा अजून चिकट होता. रिक्षात पूर्ण वेळ प्लास्टिक हाताने वर उचलून धरलं होतं.